दोनच कप्प्यांची पिशवी

सलीमभाईच्या दुकानात भिंतभर घड्याळं टांगलेली आहेत. लोक दुरुस्तीला टाकतात, 'परवा नेतो' म्हणतात आणि तो परवा काही उगवत नाही. आमच्या बैठकीतल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. ज्याचा किस्सा तो सांगून मोकळा होतो, सांभाळायचं काम माझ्याकडे येतं. आता माझ्याकडचे खिळे संपले, म्हणून हे थोडे उतरवून ठेवतो.

बैठक म्हणजे चार माणसं. सलीमभाई घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करतो. वाशिमात कॅमेरे उघडणारा आता तो एकटाच उरला आहे, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. शेलूबाजारचा गजानन लग्नाचे फोटो काढतो, ड्रोन उडवतो. वानखडे सर रिठदच्या शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर. आणि मी, शेजारचा पासपोर्ट फोटोवाला. वीसेक वर्षं मी लोकांना 'हसू नका' म्हणत आलोय. त्याचा परिणाम माझ्या स्वभावावर झाला, असं बायकोचं मत आहे.

*

नागपूरच्या एका मित्रानं स्टुडिओ बंद करताना सरांना जुना रशियन रेंजफाइंडर कॅमेरा दिला. रोलवाला. सोबत पाच लेन्सा.

पहिल्याच संध्याकाळी सरांनी आमचा वर्ग घेतला. "ह्या कॅमेऱ्यात लेन्सातून पाह्यता येत नाई. पाह्याची खिडकी वर, वेगळी. फोटो निंगते खालच्या लेन्सातून. खिडकीत समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. रिंग फिरवून एकीवर दुसरी बसवली, का झाला फोकस."

सलीमभाईनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हंजे सरकारी काम. पाह्यते एक, करते दुसराच."

*

पाचही लेन्सा सर एका पेटीत घालून सगळीकडे न्यायचे. एकदा मेडशीकडे सोयाबीनचे फोटो काढायला एसटीनं गेले. सर उतरले, पेटी उतरली नाही.

पेटी पुढच्या गावात कुणीतरी उघडून पाहिली. आत काचाच काचा. त्या गावात त्याच दिवशी डोळ्यांचं शिबिर होतं, त्यामुळे पेटी कुणाची हे ठरवायला गावाला एक मिनिटही लागलं नाही. सर दुपारी धापा टाकत पोचले, तेव्हा रांगेतले एक आजोबा सगळ्यात लांबडी लेन्स डोळ्यासमोर धरून बसले होते. "उलटं दिसून राह्यलं, पन साफ दिसून राह्यलं," ते म्हणाले. "मले हाच नंबर द्या, डाक्टर."

सरांनी आपण डॉक्टर नाही हे समजावण्यात अर्धा तास घालवला. आजोबांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. इतक्या उशिरा येतो तो डॉक्टरच असणार, असं त्यांचं म्हणणं.

घरी आल्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवतींनी, सगळं ऐकून घेतलं आणि शिलाई मशीन उघडलं. सरांच्या शाळेतल्या जुन्या पँटची एक पिशवी शिवली. कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि लेन्सांना पिशवीत कप्पे. मोजून दोन.

"तिसरा कप्पा?" सरांनी विचारलं.

"तुमाले डोळे किती हायेत? दोन. मंग लेन्सा बी दोनच. बाकीच्या कपाटात ठेवा."

काकूंचा शब्द म्हणजे शब्द. दोन ठेवायच्या, पण कोणत्या दोन? यावर आमच्या बैठकीनं एक वर्ष खाल्लं.

*

अठ्ठावीस, पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी, एकशे पस्तीस. लेन्सांवरचे हे आकडे आम्ही इतके घोळवले, की समोरच्या पानठेल्यावाल्याला वाटायचं आम्ही आकडा लावतो. गजाननला लांबडी लेन्स पाहिजे, मला पन्नास पाहिजे आणि सलीमभाईला वाद पाहिजे.

शेवटी तोच कंटाळला. "सर, फोटो कायचा काढायचा हाय ते तं सांगा पयले. त्यावर ठरन ना."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुह्या भाभीचा. एक. बरा."

तेव्हा आम्हाला खरी भानगड कळली. सरांच्या लग्नात फोटोग्राफरनं रोल भरला, पण रोल आत अडकलाच नव्हता. गडी दिवसभर खटके मारत राहिला आणि रोल जागचा हलला नाही. लग्नाचा एकही फोटो नाही. काकूंनी तेव्हाच जाहीर केलं होतं, "चार घंटे हसली मी. जबडा दुखला. आता माह्या हसन्याचा कोटा संपला." तेव्हापासून कुणी कॅमेरा वर केला की काकू पाठ फिरवतात, नाहीतर पदर तोंडावर घेतात. त्यांचा एकच फोटो अस्तित्वात होता, आधार कार्डावरचा. त्यात त्या नुकत्याच जामिनावर सुटल्यासारख्या दिसतात.

आणि मास्तरांनी आयुष्यभर पोरांना माणसाचा चेहरा काढायला शिकवला होता.

*

गजानननं लगेच सल्ला दिला. "लांबून मारा, सर. वाघाचा फोटो जवळ जाऊन काढते काय कोनी?"

सर एकशे पस्तीसची लेन्स लावून शेजारच्या गच्चीवर चढले. खाली अंगणात काकू धुणं वाळत घालत होत्या. सरांनी टाकीमागे दबा धरून आठ फोटो काढले. नववा काढणार तेवढ्यात काकू मागे न पाहताच म्हणाल्या, "खाली उतरा आता. च्या थंडा होऊन राह्यला."

रोल मी धुतला. आठ पाठी निघाल्या. सलीमभाईनं निगेटिव्ह उजेडात धरली आणि भिंग लावून पाहिली. "फोकसले तोड नाई, सर. वेनीचे केस मोजून घ्या."

*

मग अठ्ठावीसची पाळी आली. ही रुंद लेन्स, अख्खी खोली पोटात घेते. सरांनी डाव असा टाकला, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांचा ग्रुप फोटो काढायचा. काकू कोपऱ्यात तिळगूळ वाटत असतील, त्यांना पत्ता लागणार नाही.

डाव जमला. काकू फोटोत आल्या, तोंडानिशी आल्या. फक्त रुंद लेन्स कडेचं माणूस ताणते. काकू मूळच्या होत्या त्याच्या दीडपट आल्या.

त्यांनी फोटो हातात घेतला. "ही कोन?"

"तू," सर म्हणाले. मास्तर माणूस, खोटं बोलता येत नाही.

तीन दिवस सरांना बिनसाखरेचा चहा मिळाला. चौथ्या दिवशी त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन, रेषा मारून, कडेची वस्तू का ताणली जाते ते काकूंना रीतसर समजावलं. काकूंनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "मंग मले कडेले कायले ठेवलं?"

अठ्ठावीस आणि एकशे पस्तीस त्याच दिवशी कपाटात गेल्या.

*

मधे गजाननला हौस आली. शेलूबाजारला एक बारसं होतं, तिथे तो सरांचा कॅमेरा घेऊन गेला. "रोलवर काढतो. क्लास येते." येताना फुशारक्या मारत आला, बाळ कसं हसलं, आत्यानं कसं कानात नाव सांगितलं.

मी रोल धुतला. छत्तीसच्या छत्तीस काचेसारखे साफ. त्यानं लेन्सवरचं टोपण काढलंच नव्हतं. दुसऱ्या कॅमेऱ्यात टोपण राहिलं तर समोर अंधार दिसतो आणि माणूस शुद्धीवर येतो. इथे पाहायची खिडकी वेगळी. बारसं लख्ख दिसत राहतं, आणि रोलवर काही उमटत नाही.

"बाळ लय गोरं होतं, म्हनून असन," गजानन म्हणाला. निगेटिव्हवर गोरं काळं दिसतं, हे लग्नाच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला मला सांगावं लागलं. बह्याड लेकाचा.

त्या दिवशी सलीमभाईनं कायदा केला. कॅमेरा डोळ्याला लावणाऱ्यानं मोठ्यानं विचारायचं, "टोपण?" आणि दुसऱ्या कुणीतरी लेन्सकडे पाहून सांगायचं, "काढलं." दुसरा माणूस नसेल तर खटका मारायचाच नाही. आम्ही हे कंडक्टरच्या घंटीसारखं पाळू लागलो. काकूंनाही ते पाठ झालं. सर कॅमेरा घेऊन घराबाहेर पडले, की आतून आवाज यायचा, "टोपन?"

*

पावसाळा सरला आणि सर कॅमेरा घेऊन सलीमभाईकडे आले. "बिघडला. खिडकीतल्या दोन प्रतिमा एकीवर एक बसतच नाईत."

सलीमभाईनं कॅमेरा उघडला, साफ केला, बंद केला. दोन दिवसांनी सर परत तेच. त्यानं परत उघडला. तिसऱ्यांदा मात्र त्यानं कॅमेऱ्याला हातच लावला नाही, सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "सर, मशीन एकदम ठीक हाय. तुमीच अकोल्याले जाऊन दाखवा एकदा."

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, मग डावा, आणि सरांना समजावून सांगितलं की डोळ्यात बसवायची लेन्स लांबचं दिसायला घ्यायची की जवळचं, ते ठरवा.

"एक वर्सापासून हेच करून राह्यलो, डाक्टर," सर म्हणाले. "आता तुमीच ठरवा."

कॅमेऱ्याच्या दोन लेन्सा मात्र त्यांनी त्या संध्याकाळी पाच मिनिटांत ठरवल्या. पन्नास, कारण डोळ्याला दिसतं तसं ती दाखवते. पंच्याऐंशी, कारण ती चेहऱ्याची लेन्स. दोन्ही त्यांनी पिशवीच्या दोन कप्प्यांत ठेवल्या आणि नाडी बांधली. आमच्यापैकी कुणीही वाद घातला नाही.

मग ते म्हणाले, "ऑपरेशन सारेच करतात, मले मालूम हाय. पन भ्या वाटते बावा. काई इकडचं तिकडे झालं तं? त्याच्या आंधी मले तिचा चेहरा नीट पाहून ठेवायचा हाय."

सलीमभाईनं उगाच एक चालू घड्याळ काढून त्याला चावी दिली.

*

ऑपरेशन बुधवारी होतं. त्याआधीच्या रविवारी सकाळी काकू आपण होऊन म्हणाल्या, "बसते मी. एकदाचा काढून घ्या."

मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली खुर्ची टाकली. सरांनी पंच्याऐंशी लावली आणि शेवटपर्यंत तीच ठेवली. म्हणजे वर्षभराच्या आमच्या सगळ्या चर्चेतून कामाला आली एकच. प्रतिमेवर प्रतिमा बसायला वेळ लागायचा. सर रिंग फिरवायचे, थांबायचे, डोळा पुसायचे, परत फिरवायचे. एका एका फोटोला दोन-दोन मिनिटं. काकूंनी पाठ फिरवली नाही, पदर घेतला नाही. छत्तीसचा अख्खा रोल संपला.

संध्याकाळी सर बैठकीत आले ते नवरदेवासारखे. "हसली बावा. दात दिसले तिचे. एवढ्या वर्सांत मी तिले इतकं हसताना पाह्यलं नाई." सलीमभाईनं कुणी न सांगता चहा मागवला, आणि सोबत समोसे.

रोल मी त्याच संध्याकाळी धुतला. उजेडात धरला. उलटा करून धरला. दुसऱ्या टोकाकडून धरला. काचेसारखा साफ होता.

गजानन तिथेच होता. त्यानंही रोल उजेडात धरून पाहिला. सलीमभाई म्हणाला, "तूच जाऊन सांग. तुले लोकाइले हसू नोका म्हनायची सवय हाय."

सोमवारी सकाळी गेलो. सर ऑपरेशनच्या आधीची रक्ततपासणी करायला गेले होते. काकू ओसरीवर बसून मेथी निवडत होत्या. मी रोल त्यांच्यासमोर ठेवला. पायातली चप्पल काढायचंही मला सुचलं नव्हतं.

"काकू, एक बी फोटो आला नाई. सरांनी लेन्सवरचं टोपण..."

"मालूम हाय मले," काकू म्हणाल्या. "'टोपन?' इचारायचं भुलले ते. पन समोरच तं होतं. दिसत होतं न मले."

"पहिल्या फोटोपासून?"

"पयल्यापासून."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

काकूंनी एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, देठ बाजूला ठेवला.

"एक घंटा निस्तं माह्याकडे पाहून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "मधात कायले टोकू?"