रेघेपर्यंत पाणी

माझी बायको सुमन गेली त्याच्या चौथ्या दिवशी डायलिसिस सेंटरमधून फोन आला. "अंकल जी, आज आंटी आईं नहीं? मशीन खाली रखी है." नेहमीची सिस्टर होती, तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी म्हणालो, "आंटी अब नहीं आएँगी." तिला वाटलं तब्येत नरम असेल. म्हणाली, "तो कल ले आइए, और पानी ज़्यादा मत देना." मग सांगावंच लागलं. ती रडली, मी फोन ठेवला. त्याला आता दीड महिना झाला, पण ते 'पानी मत देना' डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. मी आठवी पास माणूस. आमच्या घरात लिहिणारी ती, शाळेत विज्ञान शिकवायची. मी साधा रजेचा अर्ज लिहिला तरी त्यावर लाल शाई फिरवायची. आता कोणी फिरवणार नाही. चुका असतील त्या असू द्या.

मी कारखान्यात बॉयलरवर होतो. बरखेड्यातल्या क्वार्टरात आमची सगळी उमेदीची वर्षं गेली. ती नागपूरची, वडील सरकारी ऑफिस हललं तेव्हा भोपाळला आलेले. शिकलेली बाई माझ्या पदरात कशी पडली कोण जाणे, पण पडली आणि टिकली. दुसऱ्या दिवशी वर्गात घ्यायचा धडा ती आदल्या संध्याकाळी मला शिकवून बघायची. म्हणायची, "तुम्हाला कळलं तर सहावीला नक्की कळेल." मूत्रपिंडाचा धडा होता तेव्हा मीच तिला बॉयलर सांगितला. पाण्याची वाफ होऊन निघून जाते, क्षार मात्र मागे राहतात. ते साचले की नळ्या जातात. म्हणून दर पाळीला खालचा व्हॉल्व्ह उघडून घाण पाणी सोडून द्यायचं आणि पंपाने ताजं भरायचं. ती खूष झाली. त्या वर्षीपासून तिच्या वर्गात मूत्रपिंड म्हणजे बॉयलरचा व्हॉल्व्ह. मग भिंतीवरच्या पालीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बघा, तुमच्याहून हुशार. हिला पाणी सोडून द्यायला परवडत नाही, म्हणून हिची घाण पांढऱ्या खड्यासारखी कोरडी पडते. पाखरांचंही तसंच." मी म्हणालो, "झाडून मलाच काढावी लागते, मला नको शिकवू."

पुढे निवृत्तीनंतर अयोध्या नगरात घर बांधलं, आणि तिथेच तिची मूत्रपिंडं बसली. साखरेनं खाल्ली. आठवड्यातून दोनदा मशीन सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं, पाणी मोजून, दिवसाला एवढंच. मी मान हलवली. पण पंधरा दिवसांत तिची लघवी जवळजवळ बंद झाली, तोंडाला वास यायला लागला, अंगाला खाज... मला वाटलं, क्षार साचले. अख्खी नोकरी मी साचलेले क्षार बाहेर काढण्यात घालवली होती. मी तिला पाणी पाजलं. जवाचं पाणी, साधं पाणी, तांब्यावर तांब्या. ती "अहो, नको" म्हणत होती आणि मी म्हणत होतो, "पी गं, सगळी घाण वाहून जाईल." विज्ञान शिकवलेली बाई ती, तिला का कळत नव्हतं? पण तहानेनं जीव सुकलेला, आणि पाजणारा नवरा. प्यायली. दोन दिवसांत पाय खांबासारखे झाले, श्वास लागला, छातीत पाणी भरलं.

दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "इतना पानी किसने दिया?" आमची मुलगी नलू इंदूरहून धावत आली होती, शेजारीच उभी होती. मी तोंड उघडलं, तोवर सुमनने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "मैंने ही पिया, चोरी से. इनको पता नहीं." संध्याकाळी आम्ही दोघंच असताना विचारलं, खोटं का बोललीस? ती थांबत थांबत म्हणाली, "व्हॉल्व्ह जाम होता तुमच्या बॉयलरचा... आणि तुम्ही पंप चालू ठेवलात." एवढं ऐकून मला सगळं लख्ख कळलं. हे मला कळू नये? मग म्हणाली, "नलूला कळलं तर ती मला इंदूरला घेऊन जाईल. तुमच्या हवाली ठेवणार नाही. मला नाही जायचं. तुम्ही आता माप नीट धरा, बस."

मी माप धरलं. तिच्या स्टीलच्या पेल्यावर आतून खिळ्यानं रेघ ओढली, बॉयलरच्या पाणी दाखवणाऱ्या काचेवर असते तशी. दिवसाला तसे पाच पेले, चहा त्यातच. बिट्टन मार्केटमधून बटाटे आणायचे, चिरून भिजवायचे, उकळून क्षार उतरलेलं पाणी ओतून द्यायचं, तेव्हा कुठे भाजी. पालक, टमाटर बंद. मे महिन्यात ती लिंबाची फोड चोखत पंख्याखाली बसायची आणि पालीकडे बघून म्हणायची, "पुढच्या जन्मी मी हीच होणार." मी विचारलं, "मग मी कोण?" म्हणाली, "तुम्ही ट्यूबलाइट व्हा. पेटता पेटता पेटता तसेही."

पण चोरीचं नाव तिच्या कपाळी बसलं ते बसलंच. नलू आली की आधी माठ उचलून माळ्यावर ठेवायची. "आई, मला माहितीये तुला." नात टाळ्या वाजवायची, "आजी पाणीचोर!" सुमन हसायची, पदरानं तोंड पुसून खरोखर चोरासारखा चेहरा करायची. मी एकदोनदा बोलायला गेलो, तर तिने डोळ्यांनीच मला अडवलं. पुढची चार वर्षं ती माझ्याजवळ राहिली. त्या एका खोट्यावर राहिली. तेराव्याला पाहुण्यांसमोर नलू रडत म्हणाली, "आईला पाण्याचा मोह आवरला नाही, नाहीतर अजून जगली असती." सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा खाली बघत बसलो... त्याची लाज मला अजून वाटते.

नलू, तू हे वाचशील. पाणी मी पाजलं होतं. तुझ्या आईने कधी घोटभर चोरलं नाही.

ती गेली त्या दिवशी सकाळी चहा झाला होता. मी अंगणात पाखरांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळात पाणी घालत होतो, आत आलो तर खुर्चीत मान कलली होती. शेजारी पेला. सकाळी मी रेघेपर्यंत भरून दिला होता, त्यातलं अर्धं तसंच होतं, वर बशी झाकलेली. दुपारच्या उन्हासाठी ती रोज असंच राखून ठेवायची. ते पाणी मी कुठे ओतू? दोन दिवस तसंच ठेवलं, मग परळात घातलं.

पेला मात्र घासून मी वापरायला काढला. मला डॉक्टरनं काही अडवलेलं नाही, माझं सगळं धड आहे. माठही माळ्यावरून खाली आणलाय, भरलेला आहे. तहान लागली की पेला बुडवतो, आणि रेघेच्या वर आलेलं पाणी पुन्हा माठात सोडतो. अर्धं पितो. उरलेल्यावर बशी झाकतो.