हात कुठं हायेत?

"हात कुठं हायेत?"

भाऊंनी असं विचारलं की आपण दोन्ही हात छातीपाशी आणायचे, तळवे त्यांच्याकडे करायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "माझ्यापाशी." नुसती मान हलवून भागायचं नाही. तळवे दिसले, शब्द कानावर पडला, की मगच त्यांचा पाय पेडलकडे जायचा. दिवसभर, पत्र्याच्या प्रत्येक बेंडला, हाच सवाल आणि हाच जवाब. मी नवा होतो तेव्हा पहिल्याच दिवशी वैतागून म्हणालो, "अहो भाऊ, हात कुठं जाणार? खांद्यालाच आहेत ना!" ते हसले नाहीत. पाय मागं घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी मीच तळवे दाखवले.

वाळूजच्या एका शेडमध्ये आम्ही पत्रा वाकवायचो. कूलरच्या बॉड्या, विजेच्या पॅनलचे डबे, असलं काम. तुम्ही ती मशीन पाहिली नसेल तर सांगतो. खाली एक लांबलचक लोखंडी खाच असते, ती डाय. वर तेवढ्याच लांबीची जाड धार असते, तो पंच. मध्ये पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, की वरचं धूड खाली येतं आणि कागदाची घडी पडावी तसा पत्रा वाकतो. आवाज फार मोठा होत नाही. एक जड धप्प, आणि पायाखालची फरशी हलते. मध्ये पत्रा आहे की बोट आहे, हे त्या मशीनला कळत नाही. सुरुवातीला तर रात्री जेवताना भाकरी मोडायला घेतली की मी आधी बोटांकडे बघायचो.

भाऊ पेडलवर, मी पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला. भाऊ म्हणजे देवगाव रंगारी गावाकडचा उंच, वाकलेला माणूस. बाह्या मनगटापर्यंत गच्च बटणं लावलेल्या, बोटात अंगठी नाही, गळ्यात रुमाल नाही. सकाळी मेन स्विच वर करताना ते एकदा मशीनकडे बघायचे आणि अगदी सहज, हवापाणी सांगावं तसं सांगायचे, "मला भेव वाटतं बरं का."

आता तुम्हीच सांगा, बाप्यांनी भरलेल्या शेडमध्ये कुणी असं बोलतं का? वेल्डिंगवाले त्यांना भिऊभाऊ म्हणायचे. मुद्दाम मागून पत्र्याचा तुकडा फरशीवर आपटायचे आणि भाऊ हातभर उडायचे. उडाल्यावर शिव्या द्यायचे, त्याही घाबरलेल्या आवाजात. मीसुद्धा हसलोय.

सगळ्यांची खात्री होती, की यांनी कधीतरी कुणाची तरी बोटं डोळ्यांदेखत तुटलेली पाहिली असणार. प्रत्येकाजवळ एकेक कथा होती. मी एकदा चहाच्या टपरीवर सरळ विचारूनच टाकलं.

"काय बी झालं नाय," भाऊ म्हणाले. "मला आधीपासूनच भेव वाटतं. कुत्र्याचं वाटतं. इजेचं वाटतं. कन्नडच्या घाटात जीपचं तर लई वाटतं."

"मग ही मशीन कशाला धरली?"

"दुसरं काय येतंय मला?" बशीतल्या चहावर फुंकर मारत ते म्हणाले.

जीपवरून आठवलं. एका हिवाळ्यात ते मला गावाकडं हुरडा खायला घेऊन गेले. जीप गच्च भरलेली. ड्रायव्हर मागचं दार आपटणार, एवढ्यात भाऊ ओरडले, "हात कुठं हायेत?"

ड्रायव्हरचा हात दारावरच थांबला. मांडीवर पिशवी घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "कुणाचे रं, बाबा?"

"समद्यांचे."

"चोरीबिरी झाली काय?" पुढून कुणीतरी विचारलं. मी एकट्यानंच तळवे वर केले आणि म्हणालो, "माझ्यापाशी." शरमेनं जीव अर्धा झाला होता. पण म्हातारीनं दाराच्या फटीत अडकवलेली बोटं काढून मांडीवर घेतली, हे मी पाहिलं.

मशीनपाशी त्यांचे असे बरेच सोपस्कार होते. डाय बदलायची असली की मेन स्विच तर बंद करायचेच, वर पंचाखाली लाकडाचा जाड ठोकळा सरकवायचे. "बंद हाय की," मी म्हणायचो. "आसंल," ते म्हणायचे आणि ठोकळा आणखी आत ढकलायचे. पत्रा वाकला की त्याची पुढची कड झपकन वर उठते. तेव्हा ते ओरडायचे, "हनुवटी मागं!" आणि वाकलेला तुकडा पंचाला वरच चिकटून बसला, तर तो हातानं ओढायची सक्त मनाई. एक लाकडी पट्टी ठेवलेली असायची, तिनंच पाडायचा. मी मात्र घाईत हातानंच ओढायचो. ते बघायचे आणि माझ्याऐवजी त्यांनाच घाम फुटायचा.

आता ती दुपार सांगतो.

उन्हाळा तोंडावर होता, कूलरच्या बॉड्यांची मोठी ऑर्डर होती आणि संध्याकाळी माल न्यायला गाडी येणार होती. मी पाणी प्यायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर भाऊ मशीनपासून चार हात लांब भिंतीला पाठ लावून उभे. चेहरा पांढराफटक.

"दोनदा पडली," ते म्हणाले. "मी एकदाच दाबलं. ती वर गेली, थांबलीच नाय, आन आपोआप परत खाली आली."

शेठ आले. माणूस वाईट नव्हता, पण गाडीच्या काळजीनं सकाळपासून जेवला नव्हता. त्यांनी स्वतः पेडल दाबून पाहिलं. मशीन खाली आली, वर गेली, थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अगदी शहाण्या लेकरासारखी वागली. फिटरला फोन लावला, तो म्हणाला उद्या येतो. वेल्डिंगवाले जमले होते. "भिऊभाऊला सपान पडलं," एक जण म्हणाला आणि सगळे हसले.

"भाऊ, उद्या फिटर येतोय. आजचा दिवस काढा," शेठ काकुळतीनं म्हणाले.

"मी हात लावणार नाय."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "तू घे पेडल. दुसऱ्या टोकाला पॅकिंगमधला एक जण देतो."

खरं सांगतो, मला नको म्हणायचं होतं. पण एवढ्या लोकांसमोर मी घाबरलोय हे सांगायला भाऊंचं काळीज लागतं. माझ्यापाशी ते नव्हतं. मी गुमान पेडलपाशी जाऊन उभा राहिलो.

पॅकिंगमधला माणूस यायच्या आत भाऊ भिंतीपासून निघाले. मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि स्वतः पेडलपाशी उभे राहिले.

"तुम्ही तर हात लावणार नव्हता," मी म्हणालो.

"तू एकट्यानं केलंस तर मला जास्त भेव वाटंल. जा तुझ्या टोकाला." मग जरा थांबून म्हणाले, "आज दोनदा इचारीन. वाकवायच्या आधी एकदा, आन काढायच्या आधी एकदा. ती वर जाऊन पुरती थांबली, की मंगच काढायचं."

आम्ही सुरू केलं. फक्त मशीनची घरघर, सवाल, जवाब, धप्प, पुन्हा सवाल, पुन्हा जवाब. प्रत्येक बेंड झाला की भाऊ पेडल पायानं लांब सरकवायचे, मला दिसेल असं. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते तो पुसत नव्हते. माझ्या बोटांची टोकं गार पडली होती. ही कधी पडणार, कधी पडणार, एवढंच डोक्यात.

पण काय होतं बघा, भीतीचीही सवय होते. बरेच तुकडे निघाले, मशीन नीट चाललेली. शेड पुन्हा आपापल्या कामाला लागली. मलाही वाटायला लागलं, की भाऊंना खरंच भास झाला असेल. तेवढ्यात एक तुकडा वाकला आणि पंचाला चिकटून तसाच वर चालला. पट्टी भाऊंच्या बाजूला पडली होती. माझा हात आपोआप निघाला.

"हात कुठं हायेत!"

इतकं कर्कश ते कधीच ओरडले नव्हते. मी विचार केला नाही. सवयच होती ती. हात माघारी आले, छातीपाशी गेले, तळवे त्यांच्याकडे झाले.

"माझ्यापा—"

धप्प.

मशीन वर जाऊन थांबलीच नव्हती. तशीच परत खाली आली होती. पेडल लांब पडलेलं, भाऊंचे दोन्ही पाय फरशीवर. तुकडा डायमध्ये चेपून वेडावाकडा झाला होता आणि तिथंच, अगदी तिथंच, माझी बोटं जायची होती.

शेठनी धावत जाऊन मेन स्विच खाडकन खाली पाडला. हसणारे सगळे पुतळ्यासारखे उभे. मी अजून तळवे धरूनच उभा होतो, खाली घ्यायचं सुचत नव्हतं. भाऊ मटकन खाली बसले. लहान पोरासारखे रडायला लागले. रडता रडता म्हणाले, "शब्द पुरा कर ना रे."

"माझ्यापाशी," मी म्हणालो. "माझ्यापाशीच आहेत, भाऊ."

गाडी त्या दिवशी रिकामी गेली. फिटरनं मशीनचा झिजलेला ब्रेक बदलला. भिऊभाऊ हे नाव मात्र पुन्हा कुणी घेतलं नाही, आणि मागून पत्रा कुणी आपटला नाही. भाऊ पूर्वीसारखेच रोज सकाळी सांगत राहिले, की मला भेव वाटतं. त्यानंतर मीही सांगायला लागलो. सांगितलं की जरा बरं वाटतं.

गेल्या वर्षी भाऊ गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. जन्मभर ज्यांना सगळ्याचं भेव वाटलं, त्यांना त्या एका वेळी भ्यायला सवडच मिळाली नाही, याचं मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

शहरातल्या भाड्याच्या खोलीतून त्यांना गावी न्यायचं होतं. शववाहिका गल्लीत उभी होती. त्यांना आत ठेवलं. पांढऱ्या चादरीवर त्यांचे हात होते, दाही बोटं जिथल्या तिथं. आमच्या धंद्यात म्हाताऱ्या माणसाचे असे हात सहसा दिसत नाहीत. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, गाडीच्या मागच्या चौकटीला घट्ट धरून आत बघत उभ्या होत्या. आमच्या शेडमध्ये त्या कधी आल्या नव्हत्या. ड्रायव्हरनं घाईनं दार ओढलं.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हात कुठं हायेत?"

ड्रायव्हर थबकला. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. ही काय वेळ असं काही बोलायची!

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौकटीवरचे हात काढले, छातीपाशी आणले आणि तळवे आत, भाऊंकडे केले.

"माझ्यापाशी," त्या त्यांना म्हणाल्या.

मग ड्रायव्हरनं हळूच दार लावलं.