फोडणी नसलेला डबा

मंगळवार, सकाळी साडेनऊ. हजर: मी (न्यूरॉलॉजी डे-केअरची इन्चार्ज सिस्टर), आमचे डॉक्टर, क्वालिटी मॅनेजर, पेशंट वंदना आणि तिचा नवरा. दोघं मूळचे जालन्याचे, आता राहणार इथल्याच कोसाड वस्तीत, तो कापडाच्या लूमवर कामाला.

वंदनाला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उठते. म्हणून दर सहा महिन्यांनी सलाइनमधून औषध देऊन ती दाबतो. अशा पेशंटला गोवर झाला, तर जिवावर बेततं.

फॉर्म भरून आला होता. ‘घरात कोणी आजारी?’ – ‘नाही.’ सही, शिक्का, सगळं देखणं.

सलाइन पाच तास चालतं, म्हणून आधी खायला लावते. वंदनाने डबा उघडला. गार भात, दही. फोडणीचा पत्ता नाही.

“फोडणी का नाही गं?”

“घरात माता आलीय ना, सिस्टर. तेल तापवत नाहीत.”

“कुणाला?”

“जाऊबाईच्या बाळाला. काल पुरळ उठलं. दिवसभर माझ्याच मांडीवर असतंय.”

“मग फॉर्मवर ‘नाही’ का लिहिलं?”

नवरा चिडला. “माता आली म्हंजे आजार झाला का, सिस्टर?”

गोवर आला की घरी ‘माता आली’ म्हणतात. सलाइन जोडलंच नाही. वंदनाला वेगळ्या खोलीत नेलं, डॉक्टरांना सांगितलं.

“लेकिन सिस्टर, फॉर्म तो क्लिअर है,” डॉक्टर म्हणाले.

“सर, गोवर फॉर्म को नहीं होता.”

तिला लहानपणी लस दिल्याचं कुणाला आठवेना. आता देताही येत नव्हती. त्या लशीत जिवंत विषाणू असतो. हे सगळं उपचार सुरू करण्याआधी तपासायचं असतं. तिच्या जुन्या फाइलमध्ये त्या रकान्यात एक डौलदार आडवी रेघ होती. सही आमच्याच डॉक्टरांची.

पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरतो. तयार अँटिबॉडी संपर्क आल्यापासून सहा दिवसांच्या आत द्याव्या लागतात. पाच उलटले होते. तीन ठिकाणी फोन केले, दुपारी मिळाल्या, संध्याकाळपर्यंत चढवल्या. बाळाला बालरोग विभागात पाठवलं. वंदना चार आठवडे पलसाण्याला बहिणीकडे, वेगळ्या खोलीत राहिली. गोवर झाला नाही. नंतर तिचं सलाइनही झालं.

मॅनेजरसाहेबांना म्हटलं, प्रश्न बदला: ‘घरात कुणाला गोवर, ओरी, माता?’ इथले लोक गोवराला ओरी म्हणतात.

“सिस्टर, फॉर्म मंजूर झालेला आहे. बदलायला कमिटी बसवावी लागेल.”

लोक खोटं बोलत नाहीत. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतात. एवढं समजायला कमिटी कशाला लागते, मला कळलेलं नाही.

कमिटी अजून बसलेली नाही. माझ्या कामांच्या यादीत ते चौथ्या नंबरवर आहे, अजून टिक न झालेलं. तोवर मी प्रत्येकाचा डबा उघडून बघते.