कॅस झेलेन्काने मोजलेले चाळीस यार्ड

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. खाटीक मांस तोलतो तेव्हा मी काट्याकडे बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. आमचे हेन्री म्हणायचे, "अर्लीन, तू स्वर्गाच्या दारातसुद्धा ओळखपत्र मागशील." मागेन की! तिथे काय चोर नसतात? तेव्हा कॅस झेलेन्कावर मी संशय घेतला, यात नवल काहीच नव्हतं.

मी फोर्जमेन संघाच्या कचेरीत सव्वीस वर्षं टायपिस्ट होते. आमच्या तळ्याकाठच्या शहरात पोलादाच्या भट्ट्या एकेक करून थंड पडत होत्या, आणि लोकांना मान वर करून बोलायला उरला होता तो हा एक फुटबॉलचा संघ, आमचा अमेरिकेतला, हातात चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल. रविवारी हरले की सोमवारी बेकरीवालीसुद्धा पाव आपटून द्यायची. दर एप्रिलात ड्राफ्ट असतो, म्हणजे सगळे संघ कॉलेजातली पोरं फेऱ्याफेऱ्यांनी आळीपाळीने उचलतात, उत्तम ती पहिल्या फेरीत. कोण उचलण्याजोगा आणि कोण नाही, हे सांगायला संघाचे पारखी वर्षभर गावोगाव हिंडतात. ते हाताने लिहून पाठवायचे, मी टाईप करायची.

कॅस त्यातला सगळ्यांत जुना. ओहायो, इंडियाना, केंटकी हा त्याचा मुलूख. अंगाने आडवा, पायात बारा महिने रबरी बूट, आणि गाडीच्या मागच्या सीटवर शंभर फुटांची पोलादी टेप. इतर पारखी मैदानावर यायचे, पोराला चाळीस यार्ड पळवायचे, स्टॉपवॉच दाबायचे आणि जेवायला जायचे. हा बाबा आधी गुडघ्यावर बसून ते चाळीस यार्ड मोजायचा. रेघ कॉलेजने आखलेली असली तरी मोजायचा. प्रशिक्षक हसायचे. "काय कॅस, कबर खणायचीय का इथे?" कॅस म्हणायचा, "तुझीच. माप बरोबर हवं ना, नाहीतर पाय बाहेर राहतील." सगळे त्याला मोजणीवाला म्हणायचे.

शहाऐंशीच्या ड्राफ्टमध्ये आम्ही अकरा पोरं उचलली. त्या संध्याकाळी शहरात काय जल्लोष! आणि तीन वर्षांत अकरातली दहा गेली. एकाचा गुडघा, एकाची दारू, दोघांना मैदानात उभं कुठे राहायचं हेच कळेना. पण लोकांच्या डोक्यात बसला तो पहिला, डेमेट्रियस पूल. चेंडू झेलून पळणारा. कागदावर चाळीस यार्ड, चार पूर्णांक सदतीस सेकंद. वारा! आणि मैदानात? मागून येणारा एखादा लठ्ठ गडीसुद्धा त्याला आरामात धरायचा. बिचारा जीव तोडून पळायचा हो, पण पाय तेवढेच होते. स्टेडियमातले लोक ओरडायचे, "अरे, कुणीतरी याला बस पकडून द्या!"

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये आमच्या वर्तमानपत्राने तीन वर्षांपूर्वीच्या त्या अकरांचा पंचनामा छापला. एकेकाचं नाव, एकेकाची गत, आणि शेवटी एक वाक्य: ही नुसती चूक होती की कुणाचे हात ओले झाले होते? बस्स. शहरभर तेच. न्हाव्याकडे तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच.

जुना बॉस तोवर निघून गेला होता. नवा आला होता ब्रँट कीस्लर, चाळिशीचा, दात इतके पांढरे की मला तेही खोटे वाटायचे. त्याने मला आत बोलावलं. "अर्लीन, पूलचं कार्ड काढा. त्यावर सही कुणाची आहे?"

मी काढलं. चार पूर्णांक सदतीस, आणि खाली आद्याक्षरं: के. झेड.

"झेलेन्का," कीस्लर म्हणाला. "सोमवारी बोलावतो त्याला. तोवर कुठे बोलू नका. मालकांना नाव हवंय."

आमच्या धंद्यात पारख्याकडे दोनच गोष्टी असतात, डोळा आणि नाव. एकदा 'याने खाल्ले' असं उठलं की कुठलाही संघ त्याला दारात उभा करत नाही. कॅस एकसष्ट वर्षांचा होता. सोमवारी त्याचं नाव जाणार होतं, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, आत्ता लागला छडा! कारण मला त्या हॅमबद्दल माहीत होतं. पूलच्या कॉलेजचा प्रशिक्षक दर नाताळात कॅसला डुकराची आख्खी भाजलेली मांडी पाठवायचा, आमच्या कचेरीच्या पत्त्यावर. मी स्वतः सही करून घेतलेली, चौदा पौंडांची. चौदा पौंड मांस कुणी उगाच पाठवतं का?

पण कीस्लरच्या आधी मलाच विचारायचं होतं. माझा स्वभावच तसला, दुसऱ्याने पकडलेला चोर मला चोर वाटत नाही. ईस्टरआधीचे उपवासाचे, लेंटचे दिवस होते, शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे अर्धं शहर सेंट हेडविग चर्चच्या तळघरात तळलेले मासे खायला जातं, आणि तिथे तेलाच्या कढईपाशी वीस वर्षं कॅसच उभा असायचा. मी ताट घेऊन रांगेत लागले.

"अर्लीन! दोन तुकडे की तीन?"

"आधी मला सांग, ती हॅम कुठे जाते?"

"कुठली हॅम?"

"साळसूदपणा नको. नाताळची. चौदा पौंडांची."

त्याने झारा खाली केला. मागे रांगेत लोक ताटकळत होते. "ती होय? तो प्रशिक्षक म्हणजे इथल्या नन सिस्टर लुडमिलाचा भाचा. नाताळच्या न्याहारीला चर्चला पाठवतो, पण पोस्टमन तळघरात उतरत नाही म्हणून माझ्या नावाने. तू दरवर्षी दोन दोन चकत्या खातेस की त्यातल्या."

खाल्ल्या होत्या खऱ्या. वर मोहरीही मागितली होती. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. पण मी अशी हटते होय! मी म्हटलं, "बरं. मग चार पूर्णांक सदतीस कुठून आले? सोमवारी कीस्लर विचारणारेय."

आता त्याचा चेहरा उतरला. झारा दुसऱ्याच्या हातात देऊन तो मला कोपऱ्यात घेऊन गेला. "स्टॉपवॉचने तेवढेच दाखवले. पण खाली लिहिलंय ना मी. त्यांची रेघ साडेचार फूट आखूड होती. पोरं वेगवान दिसावीत म्हणून मुद्दाम आखलेली. मी टेपने मोजलं. खरी वेळ चार पूर्णांक बावन्न. लिहिलंय मी, सहाव्या फेरीआधी हात लावू नका."

"कार्डावर असं काही नाही."

"नाही कसं? मी लिहिलंय."

"मग ड्राफ्टच्या दिवशी बोलला का नाहीस? होतास ना खोलीत?"

"मागच्या भिंतीला होतो. आम्ही भिंतीला उभे राहतो, अर्लीन. विचारलं तर बोलायचं. मला वाटलं, साहेबाने माझं वाचलं आणि बाजूला ठेवलं. ठेवतात कधीकधी. मग तेच परत कशाला उगाळायचं? तीन वर्षं मला तसंच वाटत होतं." आणि मग त्याने मला विचारलं, "खरंच खालची ओळ नाहीये?"

मी रिकामं ताट ठेवून घरी गेले. शनिवारी सकाळी कचेरी बंद असते, पण किल्ली माझ्याकडे असायची. मी कधीच काही फेकत नाही. पारख्यांचे हाताने लिहिलेले सगळे पिवळे कागद तळघरातल्या खोक्यांत पडून होते. वाटेत मी एकेकावर संशय घेत गेले. जुन्या बॉसने ओळ दाबली असेल. टायपिंगच्या खोलीतल्या त्या दुसऱ्या पोरीने केलं असेल, ती नेहमी खिडकीबाहेर बघायची. किंवा कॅस थापा मारत असेल, तेही शक्य होतंच.

पिवळा कागद सापडला. कॅसचं ते डावीकडे कललेलं अक्षर. वर चार पूर्णांक सदतीस. खाली, अगदी तो म्हणाला तस्सं, साडेचार फूट, चार पूर्णांक बावन्न, सहावी फेरी. आणि कोपऱ्यात पेन्सिलीने टाईप झाल्याची बरोबरची खूण, आणि खुणेशेजारी ए. बी. अर्लीन बाउसॅक. मी.

खाली जमिनीवरच बसले. त्या वर्षी नवी कार्डं आली होती. लहान, चौकटी आखलेली: उंची, वजन, पंजा, वेळ. शेऱ्याला चौकटच नव्हती. मी जुन्या बॉसला विचारलं होतं, "शेरे कुठे घालू?" तो फोनवर होता. म्हणाला, "आकडे घाला, अर्लीन, कादंबऱ्या नकोत." आणि मी आकडे घातले. इतर पारख्यांच्या शेऱ्यांत काही नसायचंच, 'चांगल्या घरचा मुलगा' वगैरे. पण कॅसची खालची ओळ म्हणजेच कॅस होता, आणि दोनशे कार्डं टाईप करताना ती मी एकदाही कार्डावर आणली नाही. सगळ्या जगाच्या अंगठ्याकडे बघत बसले, स्वतःच्या बोटांकडे बघितलं नाही. लाज वाटली. रडलेसुद्धा, काय लपवायचं त्यात.

सोमवारी कॅस टाय लावून आला. कीस्लरने मला कार्ड घेऊन आत बोलावलं. मी कार्ड ठेवलं आणि त्याच्यावर पिवळा कागद ठेवला.

"हा मूळ कागद. कॅसने बरोबर लिहिलं होतं. ओळ मी गाळली."

कीस्लरने वाचलं, परत वाचलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू नाव सापडलं त्याला. "तुम्ही गाळली. पहिल्या फेरीची निवड, आणि तुम्ही गाळली. अर्लीन, हे मालकांना सांगितलं तर तुमची खुर्ची आज संध्याकाळी रिकामी होईल, कळतंय ना?"

कळत होतं. हेन्रींना आठवड्यातून तीनदा मूत्रपिंडाच्या मशीनला लावावं लागायचं. त्याचा खर्च भागवणारा विमा माझ्या नोकरीवर होता. हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं, कॅसलाही. तरी मी म्हटलं, "कळतंय."

कॅसने हात पुढे करून कागद घेतला. खिशातून चष्मा काढला, लावला, सावकाश वाचला. मग कागद परत टेबलावर ठेवला.

"हे अक्षर माझं नाही."

मी म्हटलं, "कॅस!"

"नाही माझं. साहेब, ही बाई मला वाचवायला बघतेय. शनिवारी बसून लिहिलं असेल. वीस वर्षं माझं अक्षर वाचलंय तिने, जमणारच. सोडून द्या तिला. चार पूर्णांक सदतीस मीच लिहिले, तेवढेच लिहिले. चुकलो."

"खोटं बोलतोय हा!" मी ओरडले. "खोकं आहे खाली, अजून कागद आहेत, चला दाखवते!"

कीस्लर हसला. ते दात. "अर्लीन, तुमची निष्ठा मी समजू शकतो. पण असे कागद कचेरीत बनवू नका." आणि त्याने तो पिवळा कागद मधोमध फाडला. खोक्यापर्यंत यायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. त्याला एक नाव हवं होतं, ते एकसष्ट वर्षांचं मिळालं, त्याला बरंच झालं.

बाहेर गाड्यांपाशी मी कॅसला गाठलं. त्याच्या छातीवर पर्स मारली, खोटं कशाला सांगू. "कुणी सांगितलं होतं तुला? कुणी मागितलं होतं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "माझा तसाही सगळा जन्म भिंतीपाशी गेला. तुला घरी माणूस आहे. जा, लोक बघतायत."

वर्तमानपत्राने कॅसचं नाव छापलं. लाच घेतली असं सरळ कुठे म्हटलं नाही, पण दोन ओळींच्या मधे ते नीट बसवलं होतं. त्याला पुन्हा कुठल्या संघाने बोलावलं नाही. हेन्री अजून सहा वर्षं जगले, त्या विम्यावर. ते गेले त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. तिथला माणूस सभ्य होता, त्याने कॉफी दिली. म्हणाला, "झेलेन्काला मैत्रीण मात्र चांगली मिळाली होती." एक अक्षर छापलं नाही. खोक्यातल्या कागदांचं विचारायला गेले तर तळघर रिकामं करून रंगवून झालं होतं. मग मी न्हाव्याला सांगितलं, बेकरीत सांगितलं. सगळे मान हलवायचे, मग एकमेकांकडे बघायचे.

मागच्या ऑक्टोबरात कॅस गेला. पुरून आल्यावर त्याच्या बायकोने, इर्माने, मला मागे थांबवून घेतलं. बाकीचे निघून गेल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार लावलं आणि माझ्यासमोर बसली. बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली.

"अर्लीन, तू कचेरीत होतीस. आता तो नाही, आता मला कळलं तरी चालेल. त्याने घेतले होते का गं?"

तिला त्याने कधीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्या माणसाशेजारी झोपली, आणि इतकी वर्षं मनात हाच प्रश्न घेऊन.

मी सगळं सांगितलं. आखूड रेघ, पेन्सिलीची खूण, फाडलेला कागद, गाड्यांपाशी तो काय म्हणाला तेसुद्धा. काही लपवलं नाही. हात जोडून सांगितलं, इर्मा, ती ओळ मी गाळली गं, मी.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

"अजून त्याला सांभाळून घेतेस. तू फार चांगली आहेस," ती म्हणाली, आणि कॉफी गरम करायला उठली.