दोन मुख्य पाहुणे आणि तुलारामचा तह

आसगावात कुणाकडे लग्न असलं आणि व्याही रुसला, की तुलारामला बोलावणं जायचं. पोटापाण्यासाठी मात्र तो तालुक्याच्या कॉलेजात शिपाई. बत्तीस वर्षांत त्याने सतरा परिषदांच्या सतरंज्या अंथरल्या आणि सतरा आभारप्रदर्शनं ऐकली. त्यात मंडपवाल्याचं नाव यायचं, माईकवाल्याचं यायचं, एकदा तर न गेलेल्या विजेचेही आभार मानले. तुलारामचं नाव कधी आलं नाही. घरी बायको, गोदावरीबाई, विचारायची, "घेतलं का जी तुमचं नाव?" आणि तो हातपाय धुवायला निघून जायचा.

यंदाची परिषद त्याची शेवटची. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. "या वेळी आभारात तुझं नाव पहिलं," असा प्राचार्यांनी शब्द दिला होता. म्हणून गोदावरीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळपासून मागच्या रांगेत बसली होती. विषय होता 'आधुनिक जगातील तह आणि वाटाघाटी'. तिला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

प्राचार्य स्वभावाने मऊ, नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. नागपूरच्या डॉ. शहारेंना त्यांनी फोनवर मुख्य पाहुणे करून टाकलं होतं, आणि अमरावतीच्या डॉ. कापगतेंनाही. दोघांनी पायऱ्यांपाशी जोडे काढले, दीप लावला, मागे वळले. मधली उंच खुर्ची एकच होती.

"पत्रिकेत माझं नाव वर आहे," शहारे म्हणाले.

"युद्धबंदीवरचा माझा ग्रंथ तुमच्या आधीचा आहे," कापगते म्हणाले.

जगभरचे तह तोंडपाठ असलेली माणसं, पण कुणी तसूभर मागे सरेना. प्राचार्यांना घाम फुटला. "मी निघतो!" दोघं एकदमच म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

तुलाराम पुढे झाला. परिषदच मोडली तर आभार कसले? पण जोडे जाग्यावर नव्हते. दोघांची नजर एकाच खुर्चीवर गेलेली पाहताच त्याने ते उचलून पोह्यांच्या रिकाम्या गंजात टाकले होते. नवरदेवाचे जोडे लपवले की वरात हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"जोडे सापडून नाही राह्यले जी," तो हात जोडून म्हणाला. "मी पाहून रायलो. तवरिक बसा ना!"

बाहेर अंगणभर नवी टोकदार गिट्टी पसरलेली. दोन्ही डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या मोज्यांकडे पाहिलं. तेवढ्यात तुलारामने मंडपवाल्याच्या गाडीतून नवरा-नवरीचा लाल सोफा उतरवून खुर्चीच्या जागी ठेवला. दोघं दोन टोकांना बसले. पहिल्या निबंधाला दोघांनाही एकदम जांभई आली, दुसऱ्याला दोघं मिळून त्या वक्त्यावर हसले. जेवताना तर एकाच पंगतीत वांग्याच्या भाजीची तारीफ चालली होती. मग तुलारामने गुन्हा कबूल केला. दोघं इतके हसले की शहारेंना ठसका लागला.

संध्याकाळी प्राचार्य आभाराला उठले, तर शहारेंनी माईक ओढला. "तुलारामजींचे आभार मी मानणार."

"तुम्हीच काहून?" कापगते ताडकन उठले. "जोडे माझेही लपवले होते!"

प्राचार्यांना पुन्हा घाम फुटला. गंजातले जोडे घेऊन तुलाराम पायऱ्यांपाशी आलाच होता. त्याचे डोळे भरून आले होते, पुढचं नीट दिसत नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "आत्ताच जोडे देऊ नोका जी! दोघायलेही नाव घेऊ द्या!"

तुलारामने चारही जोडे पाठीमागे धरले आणि तो तसाच उभा राहिला.