मात्रेला जागा लागत नाही

मधुसूदन पांढरीपांडे यवतमाळच्या एका कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखक होते, त्यातली पहिली पंधरा टाइपरायटरवर. निवृत्तीनंतर चार महिन्यांतच ते घरी बसून कंटाळले आणि एका छोट्या संस्थेत फॉर्म भरायच्या कामाला लागले. झरी जामणीकडच्या अंगणवाड्यांतून मुलांची वजनं यायची, ती कॉम्प्युटरमध्ये चढवायची. पुढचं सगळं अर्पिता बघायची. सव्वीस वर्षांची, संख्याशास्त्र शिकलेली. ती आकडे सॉफ्टवेअरमधून काढी, त्यांची एक्सेल शीट होई आणि छापून अंगणवाड्यांना जाई.

एकदा विमलताई नावाच्या सेविका संस्थेत आल्या आणि सरळ बोलल्या, "मॅडम, तुमचा कागद म्या पोह्याच्या डब्याखाली टाकला. त्यात वाचाले होतं काय?"

अर्पिताचा चेहरा उतरला. पण कागद खरंच तसा होता. प्रत्येक रकान्यावर 'डब्ल्यूटी_जी६' असलं काहीतरी, आणि रकाना अरुंद पडला की आकड्याच्या जागी नुसती '####' अशी जाळी.

तिने प्रोग्रॅममध्येच मराठी मथळे घातले. मथळ्यात जितकी अक्षरं, तितका रकाना रुंद, असंही सांगितलं. छापलं तर तक्ता तीन पानांवर पसरला! मथळ्यांच्या बाजूला मैदानाएवढ्या मोकळ्या जागा.

"काका, असं काहून झालं?"

मधुसूदनरावांनी चष्मा वर केला आणि एका मथळ्यावर बोट ठेवून मोजलं. "'मुलांचे'. जागा चार."

"कॉम्प्युटर सात म्हणतोय."

त्यांनी पुन्हा बोटानं मोजलं आणि ते खदखदून हसले. "अगं, हा उकार, अनुस्वार, मात्रा, सगळंच मोजून राह्यला! टाइपरायटरवर उकार मारला तर गाडी जागची हलत नसे. काना मारला की एक घर पुढे. माझ्या बोटांना अजून पाठ आहे ते."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादीच करून दिली. उकार, मात्रा, अनुस्वार, रफार यांना जागा नाही. काना, वेलांटी यांना आहे. जोडाक्षरांवरून दोघांचं चांगलं तासभर वाजलं. शेवटी अर्धं अक्षर अर्धंच मोजायचं ठरलं. अर्पिताने प्रोग्रॅममध्ये पाच ओळी वाढवल्या, आणि रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा मावलाच पाहिजे अशी एक ओळ वर. प्रिंटर घरघरला. पूर्ण तक्ता एका पानावर आला, एकही जाळी नाही. मधुसूदनरावांनी तो कागद हात लांब करून धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला.

"काका, आता द्या ना इकडे," अर्पिता म्हणाली. तिलाही हसू आवरेना.

महिनाअखेरीस झरी जामणीला सेविकांची बैठक होती. इस्त्रीचा शर्ट घालून मधुसूदनरावही जीपमध्ये बसले. कागद वाटले गेले. विमलताईंनी आपल्या गावाची ओळ शोधली आणि बोट सरकवत मोठ्यानं वाचू लागल्या, "एकूण मुलं एकेचाळीस. वजन वाढलेली मुलं..." त्या थांबल्या. बोट वर मथळ्याकडे गेलं, परत खाली आलं. "छत्तीस? आमच्या गावचे?"

"तुमचेच," अर्पिता म्हणाली.

"अवं बाई, छत्तीस!" त्यांनी शेजारणीचा दंडच धरला. मग ज्या त्या बाईला आपली ओळ सापडू लागली, आणि एकच गलका झाला.

गलका ओसरल्यावर विमलताई उठून मधुसूदनरावांजवळ आल्या. "उरलेली पाच लेकरं मले नावानिशी माहीत आहेत. त्यांच्या मायले शेतातून याले उशीर होते. दुपारी जेवले का नाही, त्याचा एक रकाना टाका यात. म्या रोज भरीन."

मधुसूदनरावांनी खिशातून पेन काढलं. "किती रुंद ठेवू?"

"माहं अक्षर मोठं आहे, भाऊ. चांगला ऐसपैस ठेवा!"