कंपनीची रिम, भाऊजींचे टायर

माझा दीर मला वहिनी म्हणतो आणि वर अगंतुगं करतो. मी त्याला भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, तेव्हापासूनची ही रीत. चाळिशी उलटली तरी स्वतःचा चष्मा ज्याला स्वतःला सापडत नाही, अशा माणसाला ‘अहो भाऊजी’ म्हणताना माझ्या जिभेला किती कष्ट पडतात ते माझं मला माहीत.

मुलुंडला आमचा जेवणाच्या ऑर्डरींचा धंदा आहे. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सासूबाईंनी डबे सुरू केले, आणि डब्यांवरून मी मुंजी, बारशी, साखरपुडे इथपर्यंत आणलं. माझ्याबरोबर एक मावशी आहेत, मालवणकडच्या, सासूबाईंच्या काळापासूनच्या. त्या आणि मी मिळून दोनशे माणसांचा स्वयंपाक करतो. नवरा ऑफिसात जातो आणि घरी आल्यावर ‘तुम्ही दोघं बघून घ्या’ म्हणतो. तुम्ही दोघं म्हणजे मी आणि त्याचा भाऊ.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक छोटी पिकअप घेतली. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. टोप, शेगड्या, परात, पाट सगळं त्यात मावतं. गाडी आली तसा दीर ड्रायव्हर झाला. त्याआधी तो बरंच काही होण्याच्या बेतात होता. गाडी तो वाईट चालवत नसे, हे मी मान्य करते. पण दोन ऑर्डरींच्या मध्ये त्याला वेळ असायचा आणि हातात मोबाइल असायचा. त्यात तो परदेशातल्या पिकअप बघायचा. डोंगर चढणाऱ्या, नदीतून जाणाऱ्या, माणसाच्या छातीला लागतील एवढ्या टायरांच्या. मावशी एकदा त्याच्या खांद्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, “ह्यांच्या हौद्यात काय असता रे? सगळे रिकामेच दिसतत.” त्याने मोबाइल फिरवून घेतला.

एका सोमवारी, ऑर्डर नव्हती तेव्हा, तो ‘ग्रीसिंग करून आणतो’ म्हणून गाडी घेऊन साकीनाक्याला गेला. संध्याकाळी परत आला तो हॉर्न वाजवत. मी खाली गेले. गाडी तीच होती, पण उकिडवी बसलेली कोणीतरी अर्धवट उठावी तशी दिसत होती. चारही टायर नवे, जाडजूड, बाजूने पांढरी अक्षरं. मधली रिम मात्र कंपनीचीच, लहानशी, त्या एवढ्या रबरात बटणासारखी अडकलेली.

“कसली दिसते ना?” तो म्हणाला.

“टायर झिजले होते का?”

“वहिनी, तुला लुक नाही कळत. शिवाय पाणी साचलं की बघ. एक नंबर जाईल.”

“आणि जुने?”

“ते दुकानातच दिले. ठेवायचे कुठे?”

तो मला त्याच वेळी एक फेरी मारायला घेऊन गेला. इथे एक गोष्ट लपवून उपयोग नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारच्या गाडीतल्या बाईकडे मी किंचित वरून बघत होते, आणि मला ते आवडलं. पाचेक मिनिटं आवडलं. मग घराच्या गल्लीत वळताना खालून खर्रर्र असा आवाज आला, खवणीवर नारळ ओढावा तसा.

“हे काय?”

“नवीन आहे ना. सेट होईल.”

ते सेट झालं नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं चाक आतल्या प्लास्टिकला घासायचं. आमची गल्ली अशी आहे की पूर्ण वळवल्याशिवाय गाडी आत येत नाही. त्यामुळे तो एका वळणात यायचा तिथे आता तीनदा पुढे-मागे करायला लागला आणि मागचे रिक्षावाले त्याच्या खानदानाचा उद्धार करायला लागले, म्हणजे ओघाने माझाही. हौद्यात माल असला की मागूनही घासायचं. मुलुंडच्या पुलावर चढताना गाडीला दम लागायचा. पूर्वी जिथे ती तिसऱ्या गिअरमध्ये सहज जायची तिथे आता दुसरा टाकावा लागे. मी विचारलं तर म्हणायचा, “पेट्रोल खराब येतंय हल्ली.”

एकदा सकाळी मला नारळ फोडायचा कोयता सापडेना. मावशींनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. दीर गाडीच्या चाकापाशी पालथा पडला होता आणि माझ्या कोयत्याने आतलं प्लास्टिक कापत होता. मी वरूनच विचारलं, “भाऊजी, काय चाललंय?”

“जागा करतोय,” तो म्हणाला.

माणूस बूट घ्यायला गेला, लहान नंबर उचलून आणला आणि आता घरी बसून अंगठा छाटतोय, असं ते दृश्य होतं. मी तसं बोललेही. तो हसला. त्याच्यावर बोलण्याचा परिणाम होत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आणि त्याच गुणापायी मी अर्धी झाले आहे.

पण खरा त्रास मावशींना झाला. गाडी दीड बोट वर गेली होती. ऐकायला काहीच नाही. वरणाचा भरलेला टोप दोन्ही कानांना धरून हौद्यात चढवणाऱ्या बाईला विचारा. इतकी वर्षं आम्हा दोघींचे हात ठरावीक उंचीपर्यंत जायचे, टोप टेकायचा, ढकलला की आत. आता टोप कडेला अडायचा आणि तिथे क्षणभर सगळं वजन मनगटावर. पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, “गाडी वाढली काय गो, की मीच खाली इलंय?” तिसऱ्या ऑर्डरीनंतर त्यांनी मनगटाला फडकं बांधलं. मी दिराला म्हटलं, “तुम्ही चढवा टोप.” त्याने दोनदा चढवले. तिसऱ्यांदा त्याला नेमका फोन आला.

मग अंधेरीची मुंज आली. रविवार, दीडशे पानं, पहिली पंगत साडेबाराला. भात आणि पुऱ्या तिथेच, कार्यालयाच्या शेगड्यांवर करायच्या होत्या, बाकी सगळं इथून न्यायचं. वरण, आळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, जिलेबी आणि मठ्ठ्याचा मोठा पिंप. आम्ही नऊला निघालो. पवई मागे टाकून साकीनाक्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा वेळ हातात होता. पुढे एक बस थांबली. तिला चुकवायला दिराने गाडी डावीकडे दाबली. चाक आत घासलं, स्टीअरिंग अडलं, त्याने जोर लावला, आणि मागचं चाक फुटपाथच्या कडेला घासत गेलं. तिथे रस्त्याच्या कामाची एक सळई बाहेर आलेली होती. फस्स असा आवाज झाला आणि गाडी मागून बसली.

टायर कडेने बोटभर फाटला होता. पंक्चरवाला समोरच होता. त्याने बघितलं आणि मान हलवली. कडेला फाटलेल्याला काही करता येत नाही म्हणाला.

“स्टेपनी लावतो, दहा मिनिटं,” दीर म्हणाला.

स्टेपनी काढली आणि आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. ती जुन्याच मापाची होती. चार टायर मोठे घेताना पाचवा राहून गेला होता. फाटलेल्या टायरशेजारी ती ठेवल्यावर थोरल्या भावाच्या पंक्तीला धाकटा बसवावा तशी दिसली.

“चालते,” तो म्हणाला. “जवळच तर जायचंय.”

त्याने जॅक लावला. जॅक पूर्ण वर आला तरी चाक जमिनीवरून सुटेना, कारण गाडी आता उंच होती. तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता हौद्यातून पाट काढला. मुंजीचा. बटूला जेवायला बसवायला यजमानांनी आमच्यामार्फत मुद्दाम विकत मागवलेला, सागवानी. तो जॅकखाली घातला.

“भाऊजी, तो पाट आहे.”

“दोन मिनिटं गं.”

पाट मधोमध तडकला. चाक मात्र बदललं गेलं. गाडी सुरू केली तर मागून गुरगुर ऐकू यायला लागली आणि आळूच्या टोपाच्या झाकणातून एका बाजूने रस्सा ओघळायला लागला. घड्याळात पावणेअकरा वाजले होते. दीर दहाच्या वेगाने चालवत होता, आणि दर वळणाला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणत होता. मला टेन्शन नव्हतं. मला त्याचा गळा दिसत होता.

मी म्हटलं, “गाडी थांबवा.”

दोन रिक्षा केल्या. एकीत मावशी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, जिलेबी आणि पिठाचा डबा. दुसरीत मी, पायांमध्ये वरणाचा टोप, मांडीवर आळूचा. पहिला रिक्षावाला तयार नव्हता, मग मावशींनी त्याला मालवणीत काहीतरी सांगितलं आणि त्याने रिक्षा सुरू केली. मठ्ठ्याचा पिंप रिक्षात मावला नाही. “तो मी घेऊन आलोच,” दीर म्हणाला. मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

पंगत साडेबाराऐवजी एकला बसली. मावशींनी पुऱ्या अशा काही लाटल्या की त्यांचा हात दिसत नव्हता. माझ्या साडीवर आळूचा डाग होता, तो पदराने झाकून मी वाढत होते. दीर पोचला तेव्हा पहिली पंगत उठून हात धूत होती. बटूची आजी माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, “मठ्ठा विसरलात वाटतं.” हळू आवाजात, सगळ्यांसमोर नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कोणाच्या पानात काही विसरलं नव्हतं. पाटाबद्दल मी त्यांना आपण होऊन सांगितलं आणि बदली पाट पुढच्या आठवड्यात नेऊन दिला.

सोमवारी मी दिराला घेऊन साकीनाक्याच्या त्या टायरवाल्याकडे गेले. भांडायच्याच तयारीने गेले होते. दुकानदार म्हातारा, हाताला रबराचा काळा रंग कायमचा बसलेला. त्याने मला टायरच्या मधल्या पट्ट्यावर हात फिरवायला लावला. मध्ये झिजलेला, कडा कोऱ्या. रिम अरुंद, टायर रुंद, त्यामुळे टायर दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आला होता आणि सगळा भार मधल्या पट्ट्यावर पडत होता. मग तो दिराकडे बघून मला म्हणाला, “मैंने बोला था इनको. कंपनी का रिम है, इतना बड़ा नहीं बैठेगा ठीक से. ये बोले, तुम बिठाओ, बाकी मैं देखता हूँ.”

माझं भांडण तिथेच संपलं. कोणाशी भांडणार?

दीर म्हणाला, “सळई कुठल्याही टायरला लागली असती.” आणि ते खरं होतं. माझी सगळ्यात जास्त चिडचिड त्याच वाक्याने झाली. फुगलेली कड नसती तर कदाचित लागली नसती, स्टीअरिंग अडलं नसतं तर नक्कीच लागली नसती. पण नक्की कोण सांगणार? हा माणूस नेहमी असाच एखाद्या खऱ्या वाक्याच्या आडोशाला उभा राहतो.

आम्ही पूर्वीच्या मापाचे टायर बसवले. मोठ्यांपैकी धड राहिलेले तीन त्या म्हाताऱ्याने परत घेतले, तेही मनावर दगड ठेवून. गाडी दीड बोट खाली आली. गल्लीत एका वळणात शिरली. मावशींनी टोप चढवून पाहिला आणि आत गेल्या. मनगटाचं फडकं मात्र त्यानंतर दोन महिने सुटलं नाही. दीर दोन दिवस ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसला. तिसऱ्या दिवशी जिन्यात शेजाऱ्यांना सांगत होता, “मायलेजसाठी बदलले. मीच म्हटलं वहिनीला.”

मी त्याच आठवड्यात गाडी शिकायला नाव घातलं. नवरा म्हणाला, “या वयात?” मी म्हटलं, तुझा भाऊ जे शिकला ते मला जमणार नाही असं वाटतं का तुला? पहिल्या परीक्षेला नापास झाले. गाडी मागे घेताना खुणेची काठी पाडली. हे दिराने घरात चार वेळा सांगितलं. दुसऱ्यांदा पास झाले, ते त्याने एकदाही सांगितलं नाही.

आता पिकअप मी चालवते, मावशी शेजारी बसतात आणि घाटकोपरपर्यंत झोप काढतात. दिराला मी वाढपी केलं. दुसरं काही देण्यासारखं नव्हतं. पण तिथे तो चक्क चांगला निघाला. पांढरा सदरा घालून, जिलेबीचं ताट हातावर उंच धरून तो पंगतीतून छाती काढून फिरतो, म्हाताऱ्यांना नावानिशी ओळखतो, नको म्हणणाऱ्याच्या पानातही अर्धी ठेवतो. लोक मला येऊन सांगतात, तुमचे दीर किती आग्रह करतात हो. मी हो म्हणते. परवा एका बाईंनी त्याला विचारलं की हा व्यवसाय तुमचाच का, तर त्याने नम्रपणे मान खाली घातली आणि नाही म्हणाला नाही.